राजा घोड्यावरून पडला, हे लिहायचं की नाही?

सुरुवातीलाच सांगून टाकते, आजचा लेख भांडणाचा आहे. ज्यांना गोड गोड वाचायचंय त्यांनी पुढच्या वेळी यावं.

चिनी आणि कोरियन ऐतिहासिक मालिका बघायचा मला नाद आहे हे घरात, नात्यात आणि एव्हाना तुम्हा मंडळींनाही माहीत आहे. सत्तर-सत्तर भागांच्या मालिका, खाली इंग्रजी अक्षरं पळताहेत, आणि मी रात्री दीड वाजता "फक्त हा एक भाग" म्हणत बसलेली. त्याबद्दल टोमणे खायची सवय आहे मला. पण हल्ली टोमण्यांची जागा मतांनी घेतलीय आणि मतं फारच ठाम आहेत. आत्या म्हणते, "त्यात काय बघायचं? सासू-सुनांच्याच मालिका त्या, साड्यांऐवजी झगे एवढाच फरक." मावसभाऊ स्वतः या मालिकांचा भक्त, तो म्हणतो, "ताई, चिनी सोड, कोरियनच बघ. चिनी म्हणजे नुसता सरकारी प्रचार." आणि इतिहासात एम.ए. केलेले आमचे काका चष्मा कपाळावर चढवून एकच प्रश्न विचारतात, "यातलं खरं किती?"

तिघंही मला प्रिय आहेत. आणि तिघांचंही चुकतंय. म्हणून एकेकाला घेते.

आधी काका. "यातलं खरं किती" हा प्रश्न ऐकायला अगदी बिनतोड वाटतो. त्यात गृहीत असं असतं, की 'खरं' नावाचं एक गाठोडं कुठेतरी बांधून ठेवलंय आणि मालिकेने ते नुसतं सोडून दाखवायचंय. आता कोरियाच्या बाबतीत गंमत अशी की असं गाठोडं खरोखरच आहे! जोसन घराण्याने तिथे १३९२ पासून १९१० पर्यंत राज्य केलं. त्यातल्या पहिल्या पंचवीस राजांचा, म्हणजे ४७२ वर्षांचा, दिवसवार वृत्तांत आज उपलब्ध आहे. १९९७ साली युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या यादीत त्याचा समावेश केला. आज तो इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. याला आपल्या बखरी म्हणता येणार नाही. बखर बहुतेक वेळा मागाहून, आठवून आठवून, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. इथे दरबारात लेखनिक रोज हजर असायचे. राजा काय बोलला, कोण त्याच्याशी भांडलं, सगळं टिपून ठेवायचे. राजा वारला की त्या टिपणांवरून त्याच्या कारकिर्दीचा वृत्तांत तयार व्हायचा. आणि नियम असा, की ती टिपणं राजाने बघायची नाहीत.

सेजोंग हा त्यांचा सगळ्यात थोर राजा, ज्याने १४४६ साली कोरियन लिपी जाहीर केली. त्याने आपल्या वडिलांच्या कारकिर्दीचा वृत्तांत वाचायला मागितला. मंत्री म्हणाले, नाही. आज तुम्ही वाचलात तर उद्याचा प्रत्येक राजा वाचेल आणि मग कुणी खरं लिहिणार नाही. आणि राजाने ऐकलं! त्याचे वडील थेजोंग हे मात्र वेगळं प्रकरण. सावत्र भावांचं रक्त सांडून गादीवर आलेला माणूस. १४०४ साली हा शिकारीला गेला, हरणामागे घोडा पिटाळला आणि घोड्यावरून पडला. लागलं वगैरे काही नाही. उठून आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, हे इतिहासलेखकाला कळू देऊ नका. हे आपल्याला कसं माहीत? कारण लेखकाने राजा पडला हेही लिहिलं आणि कळू देऊ नका म्हणाला हेही लिहिलं!

आता काका म्हणतील, एवढं सगळं लिहून ठेवलेलं असताना मालिकेने कल्पना कशाला लढवायची? तर सांगते. या वृत्तांतात राजाचं घोड्यावरून पडणं आहे, पण त्या राजाचं जेवण रांधणारे कोण होते ते जवळजवळ नाही. १५०६ ते १५४४ या काळात जुंगजोंग नावाचा राजा होता. त्याच्या वृत्तांतात जांग-गम नावाच्या एका वैद्य बाईचे मोजके उल्लेख आहेत. बाळंतपणात राणीची शुश्रूषा केली, बक्षीस मिळालं, राणी गेल्यावर हिला शिक्षा करा अशी मागणी झाली, राजाच्या शेवटच्या आजारपणात त्याची प्रकृती तिलाच ठाऊक होती. बस्स. जन्म कधी, आईबाप कोण, मेली कधी, काही नाही. तिथल्या वैद्य स्त्रिया समाजाच्या अगदी तळातल्या, गुलामांच्या दर्जाच्या. त्यांची कुंडली कोण मांडणार?

या चार ओळींवरून दिग्दर्शक ली ब्योंग-हून यांनी २००३-०४ मध्ये ५४ भागांची मालिका केली, 'ज्वेल इन द पॅलेस'. जगभर गेली. २००० च्या दशकात आपल्या दूरदर्शननेही हिंदीत डब करून दाखवली, काहींना आठवत असेल. तिचा पहिला अर्धा भाग राजवाड्याच्या मुदपाकखान्यात घडतो आणि तो जवळजवळ सगळा कल्पित आहे. खऱ्या राजवाड्यात रांधण्याचं बरंचसं काम पुरुष आचारीच करायचे. म्हणजे काकांच्या तराजूत मालिका नापास. माझ्या तराजूत पहिल्या वर्गात पास. कारण तिने इतिहासाने लिहिलेलं काही पुसलेलं नाही. इतिहासाने जी जागा कोरी सोडली, ती भरली.

तर हा माझा तराजू. कोरी जागा भरणं वेगळं आणि लिहिलेलं खोडणं वेगळं. पहिलं कादंबरीकाराचं, नाटककाराचं कामच आहे. दुसरं म्हणजे थेजोंगचा हुकूम पाळणं: कळू देऊ नका. मालिका बघताना मी पोशाखाची बटणं मोजत नाही. मी एवढंच बघते, की राजाला हिने घोड्यावरून पडू दिलं की नाही.

या तराजूत कोरियन मालिकाही नापास होतात बरं का, आणि चांगल्या गाजलेल्या होतात. २०२५ साली 'बॉन अपेटी, युअर मॅजेस्टी' नावाची मालिका आली. आजच्या काळातली एक आचारीण कालप्रवास करून जोसन काळात पोचते आणि एका जुलमी राजासाठी स्वयंपाक करता करता त्याच्या प्रेमात पडते. राजाचं नाव बदललेलं आहे, पण तो कोण हे उघड आहे: यनसानगुन, १४९४ ते १५०६. जोसनचा सगळ्यात कुप्रसिद्ध राजा. इतिहासाची टिपणं राजाने बघायची नाहीत हा नियम ज्याने मोडला तोच हा. १४९८ साली त्याने एका लेखनिकाच्या टिपणातला मजकूर मागवून घेतला, त्यात राजद्रोह शोधला आणि त्या लेखनिकाला, किम इल-सोनला, ठार मारलं. त्याच्या बरोबरच्या अनेक विद्वानांनाही. १५०४ साली आपल्या आईच्या मृत्यूचा सूड म्हणून आणखी माणसं मारली. त्याच वर्षी त्याच्या विरोधात सेजोंगच्या लिपीत लिहिलेले कागद गावात लागले, तर त्या लिपीवरच बंदी घातली. शेवटी त्याला गादीवरून हाकललं आणि त्याच्या कारकिर्दीच्या नोंदीला इतर राजांसारखं 'वृत्तांत' न म्हणता नुसती 'दैनंदिनी' म्हणून ठेवलं. मेल्यावरही पदावनती!

आणि २०२५ च्या मालिकेत हा माणूस कोण? तर आईविना पोरका, दुखावलेला, चवीचा दर्दी देखणा तरुण. एक घास तोंडात घेतो आणि डोळे पाणावतात. मालिका गोड आहे, नटी गुणी आहे, पदार्थ बघून भूक लागते, सगळं कबूल. पण पुसलं ते पुसलंच. नाव बदललं म्हणून सुटका होत नाही. उलट नाव बदलणं हाच पुरावा की करणाऱ्यांनाही ते पुसणं ठाऊक होतं. गंमत बघा, 'ज्वेल इन द पॅलेस'ची सुरुवात याच राजाच्या आईला विष दिलं तिथून होते आणि त्या प्रसंगात हुकमाचे ताबेदार म्हणून हजर असलेल्या एका साध्या शिपायाचं, जांग-गमच्या बापाचं, घर त्या राजाच्या सूडात उद्ध्वस्त होतं. तिथे सूड चिरडल्या गेलेल्यांच्या बाजूने दिसतो. इथे सूड घेणाऱ्याच्या ओलावल्या डोळ्यांतून. वीस वर्षांत आपण केवढी मजल मारली!

आता आत्या. आत्या, तुझा मुद्दा मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही, कारण राजवाड्यातल्या बायकांच्या मालिका खरोखरच सासू-सुनांच्या मालिकांसारख्या दिसतात. विषाच्या वाट्या, गर्भपात, चुगल्या, दागिने. पण सासू-सुनेच्या मालिकेत घराला कधी दोष नसतो. घर चांगलंच असतं, त्यात एक वाईट बाई शिरलेली असते, ती गेली की आरती करायची. आता 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' बघ. २०११ ची, ७६ भागांची, दिग्दर्शक झेंग श्याओलोंग. त्यात घरच वाईट आहे. एका माणसासाठी बाहेरून पोरी निवडून आणायच्या, भिंतींत कोंडायच्या, त्यातल्या एकीवर त्याची मर्जी बसली की बाकीच्यांचं आणि त्यांच्या माहेरच्यांचंही नशीब फिरणार. नायिका झेन हुआन हिच्यावर सम्राटाची मर्जी का बसते? तर ती त्याच्या वारलेल्या पहिल्या राणीसारखी दिसते म्हणून. हे तिला कळतं तेव्हा तिचं मन मरतं. पुढे ती जिंकते, सगळ्यांच्या वर जाते आणि शेवटी एवढ्या मोठ्या महालात एकटी उरते. ती जिंकली म्हणून आनंद झालेला एकही प्रेक्षक मला भेटलेला नाही. सांग, अशी कुठली सासू-सून मालिका आहे?

शिवाय या मालिकेतला सम्राट कोण, हे फार महत्त्वाचं. तो योंगझेंग, १७२२ ते १७३५. याच सम्राटावर १९९९ साली चीनच्या सरकारी वाहिनीने 'योंगझेंग डायनॅस्टी' ही ४४ भागांची मालिका दाखवली होती. त्यात तो कसा? खजिना रिता, अधिकारी कर्जबुडवे, भाऊ कटवाले आणि हा बापडा रात्र रात्र जागून कागद तपासतोय, लोकांसाठी झिजतोय, शेवटी कामाच्या ओझ्यानेच जातो. आर्थिक सुधारणांचे दिवस होते ते, आणि कठोर पण कळकळीच्या राज्यकर्त्याची ही कथा लोकांनी आपल्या काळाला लावून बघितली. मालिका म्हणून उत्तमच आहे, मी दोनदा पाहिली. पण तो कळकळीचा सम्राट ज्या दरबारात बसतो, त्याच्या मागच्या दाराने आत गेलं की 'एम्प्रेसेस'चा महाल लागतो आणि तिथला तोच माणूस संशयी, कोता, स्वतःच्या मोठेपणात अडकलेला आहे. पुरुषांच्या दालनातून पाहिला तर कर्तव्यदक्ष, बायकांच्या दालनातून पाहिला तर जुलमी. आणि इतिहास काय सांगतो? ल्यू ल्यूल्यांग नावाचा एक विद्वान १६८३ साली वारला. त्याच्या लिखाणात राजद्रोह सापडला म्हणून योंगझेंगने १७३३ साली त्याचं प्रेत थडग्यातून उकरून त्याची विटंबना करवली. पन्नास वर्षांनी! मेलेल्या माणसालाही जो सोडत नाही, त्याचा जास्त खरा चेहरा कुठल्या मालिकेत दिसतो, ते ज्याने त्याने ठरवावं. माझं उत्तर बायकांच्या मालिकेत.

एक सवलत तुला देते, आत्या. २०१८ ची 'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस' बघून तू तसं म्हणत असशील, तर तुझं बरोबर आहे. त्यातली नायिका एकेका वैरिणीला हरवत वर चढते, आणि बक्षीस काय, तर सम्राटच. पण त्याच वर्षी त्याच सम्राटावर, च्येनलोंगवर, दुसरी ८७ भागांची मालिका आली, 'रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस'. च्येनलोंगची दुसरी सम्राज्ञी १७६५ साली त्याच्याबरोबर दक्षिणेच्या दौऱ्यावर होती. तिथे तिने आपले केस कापले. मांचू रिवाजात केस कापायचे ते सुतकात. तिला तिथूनच परत पाठवलं गेलं आणि पुढच्या वर्षी ती वारली. तिने असं का केलं याची जागा कागदपत्रांत जवळजवळ कोरीच आहे. 'यान्शी'ने ती कोरी जागा खलनायिकेने भरली. 'रुयी'ने एका लग्नाच्या सावकाश मरण्याने भरली. मी कुठल्या बाजूला आहे, हे सांगायला नकोच.

आणि कोरियन हवी तर 'द रेड स्लीव्ह' घे, २०२१-२२ ची, सतराच भाग आहेत. जोसनचा राजा जोंगजो (१७७६ ते १८००) आणि सोंग दक-इम नावाची दासी. राजाने मागणी घातली, तिने नाही म्हटलं. पंधरा वर्षांनी पुन्हा घातली, पुन्हा नाही म्हटलं. हे कल्पित नाही. ती गेल्यावर राजाने स्वतः तिच्या समाधीसाठी जो मजकूर लिहिला त्यात हे आहे. शेवटी राजाने तिच्या नोकरांना शिक्षा केली, तेव्हा ती कबूल झाली. याच बाईवर २००७-०८ च्या 'यी सान' या मालिकेत ७७ भाग आहेत आणि त्यात ती लहानपणापासून राजासाठी जीव टाकणारी प्रेमिका आहे. ते दोन नकार कुठे गेले? 'रेड स्लीव्ह'ने ते परत आणले. राजा चांगला होता, विद्वान होता, तिच्यावर त्याचं प्रेमही होतं, आणि तरीही तिला स्वतःचं म्हणून जे छोटंसं आयुष्य होतं ते द्यायचं नव्हतं. दासीच्या नकाराला सतरा भागांत राजाच्या प्रेमाइतकंच वजन मिळालं. याला सासू-सून म्हणायचं असेल तर खुशाल म्हण.

राहता राहिला मावसभाऊ. चिनी म्हणजे प्रचार, कोरियन म्हणजे मोकळेपणा. बाळा, तू 'मिंग डायनॅस्टी १५६६' बघितली आहेस का? २००७ ची, ४६ भाग, लेखक ल्यू हफिंग, दिग्दर्शक झांग ली. ना तलवारी, ना प्रेमप्रकरण. पहिल्याच भागात वेधशाळेतला एक अधिकारी, यंदा बर्फ पडत नाही याचं खापर राज्यकर्त्यांच्या उधळपट्टीवर फोडतो आणि काठ्यांनी मार खाऊन मरतो. पुढे खजिना भरण्यासाठी हुकूम निघतो की भातशेती मोडून तुती लावा, रेशीम विकू. शेतकरी ऐकत नाहीत म्हणून अधिकारी नदीचे बांध फोडतात, की शेतं बुडाली म्हणजे लोक कवडीमोलाने जमीन विकतील. आणि सम्राट ज्याजिंग? तो वर्षानुवर्षं दरबारातच येत नाही. अमर होण्यासाठी साधना करत बसतो, कोड्यात बोलतो, म्हणजे पाप नेहमी दुसऱ्याच्या नावावर. अशा सम्राटाला १५६६ साली हाय रुई नावाच्या एका मध्यम अधिकाऱ्याने पत्र लिहिलं. आधी स्वतःसाठी शवपेटी आणून ठेवली, घरच्यांचा निरोप घेतला आणि मग लिहिलं. तुमच्या राजवटीच्या नावाचा अर्थ लोक 'घरोघर साफसफाई' असा लावतात, म्हणजे घरात काही उरलंच नाही असा, हे त्यात आहे. हाय रुई, त्याचं पत्र, त्याचा तुरुंगवास, सगळं इतिहासात आहे. मालिका तेव्हा फारशी चालली नाही. दहा वर्षांनी इंटरनेटवर पुन्हा आली तेव्हा तिचं चीज झालं.

आता यात धाडस कसलं, असं वाटत असेल तर पुढचं ऐक. याच हाय रुईवर वू हान नावाच्या इतिहासकाराने नाटक लिहिलं होतं, ते १९६१ साली रंगभूमीवर आलं. वू हान तेव्हा बीजिंगचे उपमहापौर होते. नोव्हेंबर १९६५ मध्ये शांघायच्या एका वर्तमानपत्रात त्या नाटकावर झोड उठवणारा लेख आला. सम्राटाला खडसावणारा अधिकारी म्हणजे माओने १९५९ साली दूर केलेले सेनापती फंग द-ह्वाय, असा अर्थ त्या नाटकाला चिकटला. सांस्कृतिक क्रांतीची पहिली ठिणगी हीच. वू हान १९६९ साली तुरुंगात वारले. चारशे वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्यावर नाटक लिहिलं म्हणून! असा इतिहास मागे असताना त्याच हाय रुईला ४६ भागांत पुन्हा उभं करणं याला प्रचार म्हणणाऱ्याने जरा जिभेला आवर घालावा.

चीनमध्ये कात्री नाही असं मी म्हणत नाहीये. भरपूर आहे. २०१४ च्या डिसेंबरात 'द एम्प्रेस ऑफ चायना' ही तांग काळातली मालिका मध्येच थांबवली आणि २०१५ च्या पहिल्या तारखेला परत आणली तेव्हा बायकांच्या गळ्याखालचं सगळं कापलेलं. पडद्यावर नुसती मोठमोठी डोकी बोलताहेत! तांग काळातल्या मूर्ती आणि चित्रं बघा, तेव्हाचे गळे तसेच खोल होते. म्हणजे अश्लीलतेच्या नावाखाली इतिहासच कापला. २०१९ च्या जानेवारीत 'बीजिंग डेली' या पक्षाच्या वर्तमानपत्रात राजवाड्यातल्या मालिकांचे दुष्परिणाम मोजणारा लेख आला आणि 'यान्शी' आणि 'रुयी' दोन्हींचं पुनःप्रक्षेपण वाहिन्यांवरून गायब झालं. चांगली आणि सुमार, एकाच विळ्याने कापली.

पण मावसभावा, तुझ्या मोकळ्या कोरियात काय झालं? २०२१ च्या मार्चमध्ये 'जोसन एक्सॉर्सिस्ट' नावाची मालिका आली. भुताखेतांची, पिशाच्चांची, म्हणजे खरं मानायचा प्रश्नच नाही. पण त्यात एका प्रसंगात राजपुत्राने पाहुण्याला दिलेल्या जेवणात चिनी पद्धतीचे पदार्थ होते आणि राजा भ्रमात प्रजेला कापत सुटतो असं दाखवलं होतं. तो राजा कोण? तोच, घोड्यावरून पडलेला थेजोंग! हान्बोक आणि किमची कुणाची यावरून तेव्हा दोन देशांत वाद पेटलेला होताच. लोक खवळले, सरकारकडे अर्ज गेले, जाहिरातदार पळाले. दोन भाग झाले आणि मालिका बंद. सोळापैकी दोन!

लोकांचा राग मला कळतो. शेजारचा बलाढ्य देश तुमच्या पूर्वजांवर आणि पानातल्या लोणच्यावर हक्क सांगायला लागला की माणूस चिडतोच. मालिका फार थोर होती असंही नाही. टीका करा, बघू नका, टर उडवा. पण चौदा भाग कुणी बघूच नयेत म्हणून गाडायचे? चीनमध्ये कात्री सरकारच्या हातात होती. इथे ती प्रेक्षकाने स्वतः उचलली, आणि मला हे जास्त भयंकर वाटतं. सरकारच्या कात्रीला निदान लोक मनातून शिव्या घालतात. स्वतःच्या कात्रीचा अभिमान वाटतो. सहाशे वर्षांपूर्वी राजा म्हणाला, कळू देऊ नका, आणि एका लेखनिकाने ऐकलं नाही. सहाशे वर्षांनी त्याच राजाच्या वतीने प्रजाच ओरडली, दाखवू नका, आणि सगळ्यांनी ऐकलं.

आता हे सगळं मराठीत बसून मी का उगाळतेय, असं कुणी विचारील. विचारू नका, तुम्हाला कारण माहीत आहे. 'भावना दुखावल्या' हे शब्द आपल्याला काही भाषांतर करून घ्यावे लागत नाहीत. आपल्याकडेही राजाला नाही म्हणणारा माणूस होता. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनाबद्दल प्रत्यक्ष राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे. प्रभातने १९४४ साली त्यांच्यावर आख्खा सिनेमा काढला. आपल्या ऐतिहासिक मालिकांत घोडे, तोफा, आरत्या आणि पार्श्वसंगीत भरपूर असतं. पण शास्त्रीबोवांच्या जागेवरून दरबार कितीदा दिसतो? राजाचं चुकलं, हे वाक्य शत्रू सोडून कुणाच्या तोंडी असतं? आपले राजे चीन-कोरियाच्या राजांहून कमी मोठे नव्हते. घोड्यावरून पडल्याने ते लहान होणार नाहीत. लहान होतं ते त्यांना पडू न देणारं आपलं मन.

म्हणून काका, यापुढे "यातलं खरं किती" विचारण्याआधी "यात कुणाचं गाळलेलं भरलंय आणि कुणाचं लिहिलेलं पुसलंय" एवढं विचारा. आत्या, तू 'एम्प्रेसेस' सुरू कर, पहिले दहा भाग नावं लक्षात राहणार नाहीत, वही घेऊन बस. आणि मावसभाऊ, 'मिंग १५६६' पूर्ण बघितल्याशिवाय माझ्याकडे चकली मागायला येऊ नकोस.

असो. भांडण संपलं असं समजू नका. ज्यांना उलट बोलायचंय त्यांनी जरूर बोलावं. राजालाही उलट बोलणारी माणसं आवडतात म्हणणाऱ्या बाईला तुम्ही उलट बोलायला काय हरकत आहे?